माळ पडीक नसतो



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला जो विषय दिला आहे तो 'पर्यावरण-संवर्धन आणि लोकशिक्षण' असा भारदस्त आहे. विषयाचे नाव एवढे मोठे असले म्हणजे वक्त्याची फार सोय होते. ध्रुवावरच्या बर्फापासून ॲमेझॉनच्या अरण्यापर्यंत कोठेही हिंडून यावे, मधूनमधून मानवजातीला बोल लावावा, आणि श्रोत्यांनी टाळ्या वाजवून घरी जावे. आम्ही आज तसे करणार नाही. येरमाळ्याहून सकाळच्या एस. टी.ने निघून रात्री परत येता येईल, एवढ्याच टापूत आजचे बोलणे ठेवणार आहोत. आणि त्या टापूतही मुख्यतः एका शब्दाविषयी बोलणार आहोत. तो शब्द म्हणजे 'पडीक'.

आपल्या गावाबाहेर, डोंगराच्या उतारावर, जेथे नांगर चालत नाही अशा जमिनीकडे बोट दाखवून कोणालाही विचारा, "तेथे काय आहे?" उत्तर ठरलेले: "काही नाही, पडीक आहे." सातबाराच्या उताऱ्यावर तिला पोटखराबा म्हणतात. बोलण्यात ती बरड होते, माळ होते, गायरान होते, पण अर्थ एकच, की जिचा उपयोग नाही अशी जमीन. आमचे म्हणणे असे, की लोकशिक्षणाचे काम या एका शब्दापासून सुरू झाले पाहिजे. कारण एकदा जमिनीला पडीक म्हटले की तिचे काहीही करायला कोणाची हरकत राहत नाही. मुरूम उपसा, कचरा टाका, यंत्र लावून सपाट करा, पेटवून द्या. पडीकच तर होती! शब्दाने आधी जमीन मरते, मग ती हातांनी मारली जाते.

तर ही 'काही नाही' म्हणून गणलेली जमीन खरोखर काय आहे ते आपण पाहू.

चैत्री पौर्णिमेची यात्रा होऊन थोडेच दिवस झाले आहेत. येडेश्वरीची पालखी डोंगरावरून आमराईकडे निघते, आणि चुन्याच्या रानात लाखो माणसे खाली वाकून चुनखडीचे खडे वेचतात. आम्ही देवीच्या यात्रा पुष्कळ पाहिल्या आहेत. कोठे गुलाल उधळतात, कोठे भंडारा उधळतात, कोठे नारळाचे डोंगर होतात. पण लाखो लोक एकाच वेळी जमिनीकडे पाहत आहेत, मातीतून काहीतरी निरखून उचलत आहेत, असा सोहळा आमच्या पाहण्यात दुसरा नाही. श्रद्धेची बाजू सांगण्याचा अधिकार आमचा नाही, तो तुमचा आहे. तो खडा मात्र हातात घेऊन त्याच्याविषयी चार शब्द बोलता येतील.

हा खडा कोठून आला? आपला सारा बालाघाट काळ्या पाषाणाचा, म्हणजे लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला आहे. त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली. त्या पाषाणात चुन्याचा अंश असतो. पावसाचे पाणी मातीत मुरताना मुळांनी सोडलेला कर्बवायू आपल्यात घेते, किंचित आंबट होते, आणि पाषाणातला व मातीतला चुना विरघळवून खाली घेऊन जाते. कोकणात पाऊस इतका पडतो की हा चुना धुऊन थेट समुद्राला जातो. म्हणून तेथे चुनखडी नाही, जांभा आहे. आपल्याकडे पाऊस सातशे-साडेसातशे मिलिमीटर, आणि तोही लहरी. पाणी हात-दोन हात खाली जाते आणि तेथेच आटते. पाणी उडून जाते, चुना मागे राहतो. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. असे हजारो पावसाळे एकावर एक बसतात तेव्हा तो गाठीचा, वेडावाकडा, पांढरट खडा तयार होतो.

म्हणजे यात्रेत आपण जे वेचतो ते अपुऱ्या पावसाचे लेखी पुरावे आहेत. अवर्षण हे या भूमीवर काल आलेले संकट नाही. तो तिचा स्वभाव आहे, आणि तिने तो आपल्या पोटात खड्याखड्याने नोंदवून ठेवला आहे. शेतकऱ्याला हे वेगळ्या रीतीने ठाऊक असतेच. चुनखडीच्या रानात सोयाबीन किंवा ऊस लावला की पाने पिवळी पडतात. त्याला आपण केवडा पडला म्हणतो. मातीत लोह असते, पण चुन्यामुळे ते पिकाला घेता येत नाही. आणि याच चुनखडीच्या भट्ट्या लावून, घाणीत चुना मळून आपल्या वडीलधाऱ्यांनी वाडे बांधले. एका खड्यात भूगोल आहे, शेती आहे, गवंडीकाम आहे आणि देव आहे. आणखी कोणते शैक्षणिक साहित्य हवे?

आम्ही हे मुद्दाम विस्ताराने सांगितले. पर्यावरणाचे शिक्षण म्हणजे शहरातून आलेल्या माणसाने चित्रे दाखवून खेड्याला शहाणे करणे, असा एक समज रूढ आहे. आमचा त्यावर विश्वास नाही. जे गाव वर्षातून एकदा एवढ्या भक्तीने जमिनीकडे वाकते, त्याला जमिनीविषयी आस्था शिकवायला नको. त्या आस्थेला फक्त माहितीचा हात द्यायला हवा.

आता गवताकडे वळू. चैत्र-वैशाखात माळ पिवळा पडतो आणि आपण म्हणतो, वाळून गेला. पण माळावरची पवन्या, मारवेल, डोंगरी ही गवते बारमाही आहेत. वरचे पाते वाळते, खालचा गड्डा जिवंत असतो. पहिला पाऊस पडला की आठ दिवसांत जो हिरवेपणा दिसतो तो सगळा नव्या बियांचा नसतो. जुनेच ठोंब जागे झालेले असतात. त्यांची मुळे एकमेकांत गुंतून उताराची माती धरून ठेवतात. झाडाचे काम सर्वांना दिसते. गवताचे काम मातीखाली चालते, म्हणून त्याची जाहिरात होत नाही.

आणि कुसळी! धोतराला, लुगड्याला, मेंढ्यांच्या लोकरीला चिकटून सर्वांनी जिला शिव्या घातल्या ती कुसळी. तिचे एक कुसळ कधी तळहातावर घेऊन पाहा. टोकाला अणकुचीदार बी, मागे लांब शेपटी आणि त्या शेपटीला दोरीसारखा पीळ. त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. पीळ सुटू लागतो, कुसळ गरगर फिरते आणि बी हातात रुतू पाहते. वाळले की पीळ पुन्हा बसतो. माळावर दवाने, पहिल्या सरीने हेच घडते. बी स्वतःला जमिनीत पेरून घेते. पाभर नको, बैल नको. लहान मुलाला हे एकदा दाखवले की तो जन्मभर विसरणार नाही. मात्र हेही सांगितले पाहिजे, की जो माळ दरवर्षी पेटवला जातो त्यावर हळूहळू कुसळीच राहते. मऊ, सकस गवते मागे हटतात. कोंब चांगले फुटतात म्हणून माळ जाळण्याची चाल आहे. फुटतात, नाही असे नाही. पण कशाचे फुटतात ते पाहावे.

या 'पडीक' जमिनीवर आपल्या जिल्ह्याने काय मिळवले? जिल्ह्याचे नाव 2023 साली धाराशिव झाले, पण एक प्राणी जुने नाव घेऊन अजून देशभर हिंडतो आहे. तो म्हणजे उस्मानाबादी शेळी. काळी, काटक, बहुधा जुळी देणारी, थोड्या चाऱ्यावर आणि थोड्या पाण्यावर निभावणारी. तिची कीर्ती पशुवैद्यकाच्या पुस्तकांत पोचली आहे. ती शेळी कोणत्या कारखान्यात झाली? बोर, बाभूळ, हिवराचा पाला आणि माळावरचे गवत खाऊन पिढ्यान् पिढ्या ती येथेच घडली. भूम-वाशीचा खवा सर्वत्र जातो. त्या दुधाच्या मागेही कुरणेच आहेत. (खव्याच्या भट्टीला लाकूड लागते आणि ते याच डोंगरांतून येत आले आहे, ही गोष्ट खव्याचे कौतुक करताना आपण सोयीस्करपणे गिळतो.) ज्या जमिनीने जिल्ह्याला नाव दिले तिला बिनकामाची म्हणणे हा कृतघ्नपणाच झाला.

पाण्याचेही तसेच आहे. आपण घाटमाथ्यावर राहतो. या रांगेच्या एका अंगाला पडलेला थेंब मांजरेला जाऊन गोदावरीला मिळतो, दुसऱ्या अंगाचा सीना-भीमेवाटे कृष्णेला जातो. शेजारच्या तेरखेड्याजवळ तेरणा उगम पावते. तीच तेरणा पुढे तेरला जाते, जे तेर दोन हजार वर्षांपूर्वी 'तगर' या नावाने परदेशी व्यापाऱ्यांना ठाऊक होते. उगमाची माणसे आपण, ही काही लहानसहान जबाबदारी नव्हे. उतारावर गवत असेल तर पाणी चालत जाते. गवत नसेल तर ते पळते, आणि पळताना माती घेऊन जाते. तलावात गाळ साठतो तो आकाशातून पडत नाही. 2016 साली मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले. त्या गाडीची छायाचित्रे सगळ्या देशाने पाहिली. धरण का आटले याची कारणे अनेक आहेत. सलगची अवर्षणे होती, उसाची तहान होती, विंधनविहिरींची शर्यत होती. एकट्या माळावर भार टाकणे अन्यायाचे होईल. पण त्या काळात जी भाषणे झाली त्यांत धरणे होती, नळ होते, टँकर होते. पाणलोटाच्या माथ्यावरच्या गवताचा उल्लेख आमच्या कानांवर क्वचितच आला.

आता आम्ही आपल्याला बार्शीच्या पलीकडे, सोलापूरच्या वाटेवर नेतो. तेथे नान्नज नावाचे गाव आहे. आजच्या विषयात शिकण्यासारखे सर्वांत अधिक जर काही असेल तर ते या गावाच्या माळावर घडले आहे, म्हणून तेथे जरा थांबले पाहिजे.

माळढोक हा पक्षी आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी कदाचित पाहिला असेल. माणसाच्या कमरेएवढा उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा, उडू शकणाऱ्या पक्ष्यांत जगात अति जड अशांपैकी एक. त्याच्या घुमण्यावरून काही भागांत त्याला हूम म्हणत. झाडावर बसत नाही, घरटे बांधत नाही. उघड्या माळावर मादी बहुधा एकच अंडे घालते. त्याला चोहोकडे नजर जाईल असे मोकळे, आखूड गवताचे रान लागते. म्हणजे आपण ज्याला पडीक म्हणतो नेमके तेच त्याचे घर. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांची इच्छा होती, की भारताचा राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोकाची निवड व्हावी. 1963 साली मान मोराला मिळाला. मोराविषयी आमची तक्रार नाही. पण माळढोक त्या आसनावर बसला असता तर माळाकडे पाहण्याची आपली दृष्टी कदाचित निराळी झाली असती.

1970 नंतरच्या काही वर्षांत नान्नजच्या परिसरात माळढोक आहेत हे पक्षिनिरीक्षकांच्या ध्यानात आले. अवर्षणप्रवण क्षेत्राच्या कार्यक्रमात गवतासाठी राखलेल्या तुकड्यांत ते टिकून होते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पुढे तेथे अभ्यास केला. आणि 1979 साली सरकारने माळढोक अभयारण्य जाहीर केले. किती मोठे? 8,496 चौरस किलोमीटर! सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील तालुकेच्या तालुके त्यात आले. गावे आली, विहिरी आल्या, सडका आल्या, उसाचे मळे आले. पक्षी होता थोड्या माळांवर, आणि अभयारण्य झाले नकाशावर.

मग जे व्हायचे ते झाले. जमिनीच्या व्यवहाराला अडचण, बांधकामाला अडचण, प्रत्येक गोष्टीला परवानगी. ज्या शेतकऱ्याने जन्मात माळढोक पाहिला नव्हता त्यालाही तो आपला वैरी वाटू लागला. कोणी त्याला विचारले नव्हते, कोणी त्याला सांगितले नव्हते. पक्षी काय खातो, पिकावरचे टोळ-नाकतोडे कसे टिपतो, त्याच्यासाठी नेमकी किती आणि कोणती जागा हवी, हे गावच्या चावडीवर बसून समजावण्याऐवजी राजपत्रातून समजावण्यात आले. राजपत्र कोण वाचतो? पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण जाऊन अभयारण्याचा आकार सुमारे 1,222 चौरस किलोमीटरांवर आला. पण तोपर्यंत पक्षी जवळजवळ उरला नव्हता. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी होते. सगळ्या देशात आता दीडशेच्या आसपासच उरले असावेत आणि ते बहुतेक राजस्थानात. तेथे पिंजऱ्यात अंडी उबवून पिले वाढवण्याचा प्रयोग 2019 पासून चालू आहे.

आमच्या काही मित्रांचा निष्कर्ष असा, की लोकांमुळे माळढोक गेला. दुसरे काही म्हणतात, सरकारमुळे गेला. आम्हांला दोन्ही निकाल घाईचे वाटतात. माळ नांगरले गेले, कालवे आले, ऊस आला, कुत्री वाढली, विजेच्या तारा आल्या. या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही. तो उडताना खाली पाहतो आणि तारेवर आदळतो. हे सगळे कायदा असताना घडले. कायदा होता, पहारेकरी होते, पाट्या होत्या. एकच गोष्ट नव्हती. तेथल्या माणसाला 'हा माळ म्हणजे काहीतरी आहे' असे वाटत नव्हते, आणि ते वाटावे म्हणून कोणी पुरेसे श्रम घेतले नव्हते. लोकशिक्षण हे संवर्धनाचे शोभेचे अंग नव्हे, असे जे आम्ही म्हणतो ते नान्नजकडे पाहून म्हणतो.

आपल्या डोंगरांवर आज पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांना आमचा विरोध नाही. वीज सर्वांनाच हवी आणि कोळसा जाळण्यापेक्षा वारा बरा. पण एखादी चक्की कोठे बसावी, तिचा रस्ता कोणत्या उतारावरून जावा, तारा कोठून जाव्यात, हे विचारण्यापुरते तरी ज्ञान गावात असावे की नाही? ज्याला माळावर काय आहे हेच ठाऊक नाही तो फक्त भाडे किती हे विचारू शकतो.

झाडांविषयी बोललो नाही तर आपण आम्हांला घरी जाऊ देणार नाही. 1950 साली कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. महाराष्ट्रात 1 जुलै 2016 या एका दिवसाला दोन कोटी झाडांचा संकल्प झाला, 2019 च्या पावसाळ्यात तेहतीस कोटींचा. झाड लावणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. ओढ्याकाठी लावा, बांधावर लावा, शाळेच्या अंगणात लावा. महामार्ग चौपदरी झाला तेव्हा रस्त्याची जुनी सावली गेली, ती तर भरून काढलीच पाहिजे. पण चांगल्या गवताचा माळ पाहून तेथे खड्डे घ्यायचे, आणि जनावर तोंड लावत नाही म्हणून गिरिपुष्पच लावायचे, याला आम्ही संवर्धन म्हणणार नाही. एका घरात नांदणाऱ्या कुटुंबाला बाहेर काढून दुसरे आणून बसवण्यासारखे ते आहे. माळावर झाड कमी असते ते माळाचे दारिद्र्य नव्हे. तेथे उथळ मुरमाड माती आहे, पाऊस बेताचा आहे. त्या जागेला शोभेल असे रान निसर्गाने तेथे आधीच लावून ठेवले आहे. चंडोल, धाविक, खोकड, लांडगा ही मंडळी सावलीच्या शोधात नसतात.

लांडग्याचे नाव निघाले की धनगर आठवतो. लांडगा मेंढरू नेतो, हे धनगराइतके कोणाला ठाऊक आहे? तरी शेकडो वर्षे दोघे एकाच माळावर राहिले. धनगराचा बिरोबा माळावरच असतो. दाट देवरायांचा अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 नंतरच्या दशकात केला आणि देवाच्या नावाने रान कसे राखले जाते ते सुशिक्षितांना कळले. माळावरच्या देवांचा तसा अभ्यास करणारे थोडे. पण माळालाही देव आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.

आणि आता वाघ. गेल्या काही वर्षांत आपल्या भागात जी गोष्ट सर्वांत अधिक बोलली गेली ती ही. येडशी-रामलिंग घाट अभयारण्य 1997 साली झाले. त्याचा विस्तार अवघा सुमारे 22 चौरस किलोमीटर. डिसेंबर 2024 मध्ये तेथे बसवलेल्या कॅमेऱ्यात वाघाचे छायाचित्र आले. अंगावरच्या पट्ट्यांवरून तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा असल्याचे ओळखण्यात आले. वाघाचे पट्टे म्हणजे माणसाच्या अंगठ्याचा ठसाच, दोघांचे सारखे नसतात. शेकडो किलोमीटरांची वाट त्याने तुडवली. टिपेश्वरचे वाघ असे निघतात. 2019 साली तेथलाच एक वाघ तेराशे किलोमीटर भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. आपला पाहुणा येथे आला तो शेतांतून, ओढ्यांतून, माळांतून आला. मध्ये सलग जंगल नाही. ज्यांना आपण पडीक म्हणतो त्या तुकड्यांवरूनच पाऊल टाकीत तो आला.

त्याने जनावरे मारली. लोक घाबरले. 2025 च्या आरंभी त्याला बेशुद्ध करून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नेण्यासाठी पथके आली, आठवडेच्या आठवडे हिंडली, पण त्या मोहिमेत तो हाती लागला नाही. वाघ आला म्हणून अभिमान वाटावा की भीती, असे आम्हांला कोणी विचारले तर आम्ही म्हणू, दोन्ही. ज्याची गाय गेली त्याला 'निसर्गाचा समतोल' ऐकवणे ही क्रूर थट्टा आहे. त्याला हवी असते ती नेमकी माहिती. जनावर मारले गेले तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत वनखात्याला कळवावे लागते, पंचनामा होईपर्यंत ते जागचे हलवू नये, तरच भरपाई मिळते. रागाच्या भरात त्यावर विष टाकले तर वाघाबरोबर तरस, कोल्हा आणि गावची कुत्रीही मरतात. हे ज्या गावात आधीच सर्वांना ठाऊक असते तेथे पहिल्या रात्री गोंधळ कमी होतो. जेथे ठाऊक नसते तेथे मोबाईलवर कोणत्या तरी दुसऱ्याच रानातला वाघ फिरू लागतो, आणि भीतीला पाय फुटतात.

आणखी एक गोष्ट. शेतीची वीज रात्री येते म्हणून माणूस रात्री दारे धरायला जातो आणि तेथे जनावराशी गाठ पडते. शेतीला दिवसा वीज द्या, ही मागणी आम्ही वन्यजीव-संरक्षणाचीच मागणी समजतो. पर्यावरणवाद्यांच्या ठरावांत ती फारशी येत नाही, याचे आम्हांला आश्चर्य वाटते.

कोणी म्हणेल, हे सगळे शाळेत शिकवतात. शिकवतात खरे. 1976 च्या घटनादुरुस्तीने वने, नद्या, वन्यजीव यांचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला. मुलांना ओझोनचा थर ठाऊक असतो, परीक्षेत त्याला गुणही मिळतात. त्याच मुलाला शेजारच्या माळावरच्या चार गवतांची नावे विचारा. दोष त्याचा नाही. ती नावे पुस्तकात नाहीत. ती ज्यांना येतात ते पुस्तके लिहीत नाहीत. शेळ्यांमागे हिंडणाऱ्या म्हातारीला, वैदूला, धनगराला ती येतात, आणि ही माणसे गेली की नावेही जातील.

या नावांसाठी कायद्याने एक जागा करून ठेवली आहे. 2002 च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकांनी मिळून केलेली जैवविविधता नोंदवही असली पाहिजे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली, तेव्हा ठिकठिकाणी घाईने नोंदवह्या तयार झाल्या. त्यांतल्या कित्येक एकमेकींसारख्या दिसतात. गाव बदलते, यादी तीच. आपल्या ग्रामपंचायतीची नोंदवही कशी आहे ते आपण जाऊन पाहावे. ती पाहायला मिळणे हा आपला हक्क आहे. चांगली असेल तर आनंद. अपुरी असेल तर ग्रामसभेत भर घालता येते.

म्हणून आम्ही आज येताना एक कोरी वही आणली आहे. तिच्यात पहिले पान चुन्याच्या रानासाठी ठेवले आहे, पुढची गवतांसाठी, मग पक्षी, मग पाण्याच्या जागा. झरे, डोह, बारवा, जे आटले तेही. गवताचे नाव इकडे काय म्हणतात तेच लिहायचे, पुस्तकी नाव नको. अध्यक्षांचे समारोपाचे भाषण झाले की आम्ही येथेच बसणार आहोत. ज्यांना घरी जायची घाई नाही त्यांनी थांबावे. आणि ज्यांच्या घरी शेळ्या-मेंढ्या राखणारे कोणी वडीलधारे असेल त्यांनी उद्या सकाळी त्यांना घेऊन यावे. त्यांना लिहिता येत नसेल तर आम्ही लिहून घेऊ.